घरपोच थाळीचा हिशेब

श्रोतेहो, घरपोच जेवण ही आपल्याकडे काही कालपरवाची गोष्ट नाही. मुंबईत १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी घरचा डबा कचेरीत पोचवण्याचा व्यवसाय सुरू केला, तो डबेवाल्यांच्या रूपाने आजही चालू आहे. आपल्या परभणीत कृषी विद्यापीठात शिकायला आलेली मुले, बदली होऊन आलेले नोकरदार, दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी बसलेले नातेवाईक, यांनाही खानावळीच्या डब्याचाच आधार असतो. नवे एवढेच, की डबा पोचवणारा माणूस आता खानावळीचाच असला पाहिजे असे नाही. झोमॅटो, स्विगी ही नावे जिल्ह्याच्या गावांनाही परकी राहिलेली नाहीत. गिऱ्हाईक फोनवर बोट ठेवते आणि कंपनीचा मुलगा हॉटेलच्या दाराशी येऊन उभा राहतो.

मग हॉटेलवाल्यापुढे प्रश्न येतो. पार्सल पोचवायला आपला पगारी मुलगा ठेवावा, की हे काम कंपनीवर सोपवावे? पुष्कळ जण याचे उत्तर समोरच्या दुकानाकडे बघून देतात. त्याने कंपनी लावली, म्हणून आम्हीही लावली! आज आपण हा प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन सोडवून पाहू. पुढचे आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. तुम्ही आपल्या कराराचा कागद काढा आणि त्या जागी तुमचे आकडे घाला. रीत तीच राहील.

समजा, सरासरी बिल २५० रुपयांचे आहे आणि कंपनीचे कमिशन २० टक्के आहे. म्हणजे ५० रुपये झाले. पण एवढ्यावर भागत नाही. या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ९ रुपये. पाच टक्के दराने कर भरणाऱ्या हॉटेलला त्याची वजावट मिळत नाही, म्हणून तोही खर्चच समजायचा. एकूण ५९ रुपये गेले. उरलेल्या १९१ रुपयांत धान्य, भाजी, तेल, गॅस, आचारी आणि जागेचे भाडे भागवायचे, आणि त्यातूनच चार पैसे घरी न्यायचे.

आता आपला मुलगा ठेवला तर काय होते ते पाहा. पगार १२,००० रुपये आणि फोन, विमा वगैरेंचे महिन्याला ३०० धरू. हा झाला बांधलेला खर्च, पार्सल जावो अगर न जावो. त्याशिवाय प्रत्येक फेरीचे पेट्रोल. परभणीकरांना पेट्रोलची महती सांगायला नको. २०१८ च्या सप्टेंबरात लिटरचा भाव नव्वद रुपयांच्या घरात गेला, तेव्हा महागड्या पेट्रोलचे गाव म्हणून आपले नाव देशभर झाले होते. इंधन मनमाडच्या आगारातून इतक्या दूर आणायचे, त्याचे भाडे भावात चढते. जाऊन-येऊन पाच किलोमीटरची फेरी धरली तर पेट्रोलचे १३ आणि टायर-ऑइलचे ५, असे १८ रुपये होतात.

कंपनीचे ५९, आपल्या फेरीचे १८. फरक ४१ रुपयांचा. या ४१ रुपयांतून महिन्याचे १२,३०० रुपये निघायला हवेत. भागाकार करा, उत्तर येते ३००. म्हणजे महिन्याला ३०० पार्सले, रोजची दहा. रोज पाचच जात असतील, तर आपल्या मुलाचा खर्च पार्सलमागे १०० रुपये पडतो आणि कंपनी स्वस्त ठरते. रोज वीस गेली, तर तोच खर्च साडेअडतीस रुपयांवर येतो. कंपनीचे ५९ मात्र ५९ च राहतात. पगार पार्सलांत वाटला जातो, टक्का वाटला जात नाही. हे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

पण थांबा, हिशेब इतका सरळही नाही. भूक सगळ्यांना एकाच वेळी लागते. रात्री साडेसात ते साडेनऊ हीच खरी गर्दी. एका फेरीला पंचवीस मिनिटे लागली, तर दोन तासांत एका मुलाच्या पाचच फेऱ्या होतात. दुपारी पाच नि रात्री पाच, अशी दहा पार्सले तो सहज पोचवील. पण ती दहाही रात्रीच आली, तर शेवटच्या गिऱ्हाइकाला गार भाकरी मिळेल आणि ते पुन्हा तुमचे नाव घेणार नाही. अशा वेळी कंपनीची मदत मोलाची.

दुसरी गोष्ट बिलाची. १०० रुपयांच्या मिसळीवर कंपनी करासह २३ रुपये ६० पैसे घेईल. तेवढ्यासाठी आपल्या मुलाने १८ रुपयांची फेरी मारायची, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! उलट कुणाकडे पाहुणे आले आणि ८०० रुपयांचे जेवण मागवले, तर कंपनीकडे १८८ रुपये ८० पैसे जातील. आपल्या मुलाची मात्र फेरी तीच आणि पेट्रोलही तेवढेच.

आणि तिसरी गोष्ट रोजच्या डब्यांची. वसमत रोडवरचे बारा डबे एका फेरीत गेले, तर डब्यामागे पेट्रोलचे एक-दोन रुपयेच पडतात. मुंबईच्या डबेवाल्यांचे तरी दुसरे काय आहे? त्यांचा दर महिन्याचा असतो आणि तो अंतर पाहून ठरतो. डब्यात पिठले आहे की पुरणपोळी, हे ते विचारीत नाहीत. बांधलेली गिऱ्हाइके असलेल्या खानावळीने टक्केवारीच्या वाटेला जाण्याचे कारणच नाही.

आता कंपनीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ती नुसते पार्सल पोचवत नाही, नवे गिऱ्हाईकही आणते. स्टेशनवर उतरलेल्या परक्या माणसाला तुमच्या गल्लीतले हॉटेल कसे ठाऊक असणार? त्या गिऱ्हाइकासाठी दिलेले कमिशन ही जाहिरातीचीही किंमत आहे, आणि ती द्यायला हरकत नाही. पण तुमच्याकडे दहा वर्षे जेवणारा माणूस आता अ‍ॅपवरून मागवू लागला, तर आपल्याच गिऱ्हाइकासाठी आपण टक्का मोजतो. शिवाय त्याचे नाव-पत्ता कंपनीच्या वहीत राहतो, तुमच्या नाही. २०२१ साली नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया या हॉटेलचालकांच्या संघटनेने स्पर्धा आयोगाकडे जी तक्रार नेली, तिच्यात जबर कमिशनाबरोबर गिऱ्हाइकाची माहिती झाकून ठेवण्याचाही मुद्दा होता. २०२२ च्या एप्रिलमध्ये आयोगाने तक्रारीतल्या काही मुद्द्यांवर चौकशीचा आदेश दिला.

पार्सल पोचवणाऱ्या मुलालाही विसरू नका. पावसात गाडी घसरली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हा प्रश्न हिशेबातलाच आहे. मुलगा तुमचा असेल तर त्याचा परवाना, हेल्मेट, विमा ही तुमची जबाबदारी. किमान वेतनाच्या खाली त्याला राबवून जो हिशेब जुळतो, तो जुळला असे म्हणता यायचे नाही.

मग करावे काय? एक महिना साधी वही ठेवा. प्रत्येक पार्सलापुढे चार गोष्टी लिहा: ऑर्डर अ‍ॅपवर आली की तुमच्या फोनवर, बिल किती, अंतर किती आणि वेळ कोणती. महिनाअखेर बेरीज मारा. जुनी गिऱ्हाइके, मोठी बिले आणि बांधलेले डबे आपल्या मुलाकडे द्या. नवे गिऱ्हाईक, किरकोळ बिल आणि रात्रीची गर्दी कंपनीकडे जाऊ द्या. पार्सलच्या पिशवीवर आपला फोन नंबर ठळक छापा.

कंपनी शत्रूही नव्हे नि सोयरीही नव्हे. ती आपला हिशेब पक्का ठेवते, आपणही आपला ठेवावा. गल्ल्यात किती आले हे सगळेच मोजतात. थाळीमागे हाती किती राहिले, हे ज्याने मोजले त्याची चूल पुढच्या वर्षीही पेटेल.