पोरीची वीट, वर्गातला धडा

आम्ही वराळ्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

आपल्या मावळात कातकरी वाड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाला परततात. पोरांची शाळा मध्येच तुटते. जी पोरं वर्गात येतात, तीही गप्प बसतात. घरात बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. मग आपणच म्हणतो, "यांना शिक्षणाची गोडीच नाही."

आमच्या गटातल्या एका ताईची लेक अशीच होती. वाचायला उभं केलं की खाली बघायची. एकदा बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "वीट कशी करतात गं?" पोरगी बोलायला लागली. माती भिजवायची, गारा तुडवायचा, साच्यात थापायचा, विटा उन्हात वाळवायच्या, मग भट्टी रचायची. अवकाळी पाऊस आला तर कच्च्या विटांचा चिखल होतो, मेहनत वाया जाते. बाईंनी तिचीच वाक्यं फळ्यावर लिहिली. तिनं ती बोट ठेवून वाचली. बाकीच्या पोरांनी प्रश्न विचारले. त्या दिवाळीनंतर आई भट्टीवर गेली, पण लेकीला आजीजवळ ठेवून गेली. धाकट्याला सांभाळायला कुणी नव्हतं, तरीही.

ही रीत जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. पानं, फुलं, खडे, शिंपले हीच तिथली साधनं. तिकडे ब्राझील देशात पाउलो फ्रेरी यांनी निरक्षर मजुरांना त्यांच्या रोजच्या कामातल्या शब्दांवरून वाचायला शिकवलं. त्यांत 'वीट' हाही शब्द होता.

आपण काय करू शकतो? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वाडीवरच्या आईला तिथं घ्या, तिला बोलू द्या. महिन्यातून एकदा एखादी आई वर्गात येऊन रानभाजीबद्दल, माशांबद्दल, भट्टीबद्दल सांगू शकते. मुलांनी ते लिहावं, वाचावं.

एक मात्र सांभाळा. कुणाच्या गरिबीचा तमाशा होता कामा नये. पोराला सांगायचं नसेल तर आग्रह नको.

येत्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.