भाव दुकानदाराचा, वायर कंपनीची



येलहंका म्हणजे बंगळूरच्या उत्तरेला, विमानतळाच्या वाटेवर वाढलेलं उपनगर. रेल्वेची चाकं घडवणारा कारखाना इथे आहे, हवाई दलाचा तळ आहे, आणि आता इंजिनिअरिंग कॉलेजं आणि त्यांच्याभोवती दाटलेली पीजी. या पीजींमध्ये आपल्याकडची मराठी मुलंही राहतात. मोबाइलवरचा रोजचा दीड जीबी संध्याकाळीच संपतो आणि परीक्षेचे व्हिडिओ रात्री बघायचे असतात. अशा मुलाला कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने रात्रीपुरतं वाय-फाय पाच रुपयांत द्यायचं की दहा, हे ठरवायचं कोणी?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 डिसेंबर 2020 रोजी पीएम-वाणी योजना मंजूर केली, तेव्हा याचं उत्तर देऊन टाकलं: बेकरीवाल्याने. तो झाला पब्लिक डेटा ऑफिस. त्याला परवाना लागत नाही, नोंदणीची फी नाही. त्याने जोडणी घ्यायची, राउटर बसवायचा. ग्राहकांची ओळख आणि हिशेब सांभाळायला वेगळी संस्था, फोनवरचं ॲप तिसऱ्या कोणाचं, आणि या सगळ्यांची केंद्रीय नोंदवही सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेकडे. व्यवस्था सामाईक, पण पॅक किती वेळाचा आणि किती रुपयांचा, हे सरकार सांगत नाही.

याच सी-डॉटचं पहिलं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज 1986 साली बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला सुरू झालं. पुढे गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. बूथवाल्याच्या हातात मीटर होतं, दर मात्र दिल्लीचा. त्याला मिळायचं ते कमिशन. रात्री उशिरा दर पाववर यायचा, म्हणून माणसं जेवणं उरकून रांगेत उभी राहायची. ती सवलतही वरूनच आलेली. आपल्या गावच्या बाजारच्या दिवशी दर उतरवावा, असं बूथवाल्याला कितीही वाटलं तरी ते त्याच्या हातात नव्हतं.

म्हणून दुकानदाराला भाव ठरवू देणं मला मनापासून पटतं. कॉलेजच्या फाटकाशी परीक्षेच्या आठवड्यात कोणता पॅक खपेल, हे दिल्लीतल्या कचेरीला कळणार नाही. डिलिव्हरीच्या पोराला दहा मिनिटं पुरतात, विद्यार्थ्याला अख्खी रात्र हवी असते. दूरसंचार नियामक ट्रायने 2017 साली याची चाचणी घेतली तेव्हाही दोन रुपयांपासून वीस रुपयांपर्यंतचे छोटे पॅक डोळ्यांसमोर होते.

मग हे सगळीकडे पसरलं का नाही? 2018 च्या दूरसंचार धोरणात 2022 पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉट व्हावेत, असं ठरलं होतं. 2024 संपताना पीएम-वाणीचे हॉटस्पॉट दोन-अडीच लाखांच्या आसपास होते. मोबाइल डेटा स्वस्त झाला, हे एक कारण आहेच. पण खरी मेख घाऊक भावात होती. विकायचा भाव दुकानदाराचा, घ्यायचा भाव मात्र कंपनीचा. घरगुती फायबर जोडणी द्यायला कंपन्या तयार नसत, महागडी लीज्ड लाइनच घ्या म्हणत. तेवढ्याच वेगाची ती लाइन घरगुती जोडणीच्या चाळीस ते ऐंशी पट महाग पडते, ही तफावत ट्रायच्या 2024 च्या मसुद्यातच मांडली आहे.

गणित करून पाहा. घरगुती जोडणी महिना पाचशे रुपयांची धरा. चाळीस पट म्हणजे वीस हजार. पाच रुपयांच्या पॅकने ते भरून काढायचे, तर महिन्याला चार हजार पॅक, रोजचे एकशे तेहेतीस. बेकरीत एवढे पावही खपत नसतील! जून 2025 मध्ये ट्रायने आदेश काढला की 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना या दुकानदारांना द्याव्याच लागतील, आणि घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारता येणार नाही. म्हणजे आपल्या हिशेबात हजार रुपये: महिन्याला दोनशे पॅक, दिवसाला सात. एवढे खपले तर खर्च निघतो, त्यापुढे कमाई. 2024 च्या मसुद्यात तर घरगुती दरानेच द्या, असं होतं. कंपन्यांनी विरोध केला आणि दुप्पट ठरलं. मला पहिलंच योग्य वाटत होतं.

आता दुसरी बाजू. रस्ता ओलांडला की दुसरी बेकरी असेल, तिथे भाव मोकळा असलेला बरा. पण पीजीचा मालकच वाय-फाय विकतो आणि तळमजल्यावरच्या खोलीत मोबाइलची रेंज येत नाही, तिथे मुलाने जायचं कुठे? केबलच्या बाबतीत आपण हे भोगलं आहे. गल्लीत केबलवाला एकच, तो सांगेल तो महिना. पुढे ट्रायच्या 2017 च्या आदेशाने शंभर वाहिन्यांच्या जोडणीशुल्कावर 130 रुपयांची मर्यादा आली. जुलै 2024 मध्ये ती काढली. तोवर डिश आणि मोबाइल घरोघर पोहोचले होते, ग्राहकाला पर्याय होता. पीजीच्या खोलीत तो नाही. तेव्हा जिथे विकणारा एकच आणि घेणारा अडकलेला, तिथे दराला मर्यादा हवीच. बाकी ठिकाणी, पैसे भरण्याआधी आजूबाजूच्या सगळ्या दुकानांचे दर ॲपमध्ये शेजारी शेजारी दिसले तरी पुरे.

जूनमध्ये नवी मुलं येतील. पीजी ठरवायला सोबत येणाऱ्या आईवडिलांनी भाड्यात वाय-फाय धरलं आहे की वेगळे पैसे पडतील, आणि वेगळे असतील तर वर्षभर किती, हे ॲडव्हान्स देण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावं.