गव्हर्नर आणि निवडून आलेली विधानसभा

सरकारची हुकमत काय असते, ते सोलापूरकरांनी १९३० च्या मे महिन्यात भोगलं. लष्करी कायदा लागला, डोक्यावरची गांधी टोपीही गुन्हा ठरली. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे सोलापूरकर येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले.

पुढे १९३७ मध्ये, सोलापूर ज्यात होतं त्या मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. पण १९३५ च्या भारत सरकार कायद्यानं गव्हर्नरला खास अधिकार दिले होते. मंत्र्यांचा सल्ला तो बाजूला सारू शकत होता. ते अधिकार वापरणार नाही अशी हमी द्या, असं काँग्रेसनं बजावलं. हमी मिळेना. मग गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी १ एप्रिलला साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांचं हंगामी मंत्रिमंडळ नेमलं. सर्वात मोठा पक्ष एकीकडे, खुर्ची दुसरीकडे! मतदाराचा याहून मोठा अपमान कोणता?

व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या या अधिकारांबाबतच्या खुलाशानंतर कोंडी फुटली. १९ जुलैला काँग्रेसच्या बाळासाहेब खेरांनी सूत्रं घेतली. १९३९ मध्ये लोकप्रतिनिधींना न विचारता भारताला दुसऱ्या महायुद्धात ओढलं, तेव्हा खेर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. त्यानंतर १९४६ पर्यंत प्रांताचा कारभार गव्हर्नरच्याच हाती राहिला.