‘सिस्टिमच तशी आहे’



बँकेत गेलं की ‘सिस्टिम डाऊन आहे’. दाखला काढायला गेलं की ‘सिस्टिम घेत नाही’. आणि कुणी फारच खोलात शिरून विचारलं, तर शेवटचं उत्तर ठरलेलं असतं, ‘सिस्टिमच तशी आहे, साहेब.’ आपल्याकडे हा शब्द हात झटकायला वापरतात. मी आयुष्याची चाळीस वर्षं कारखान्यांत आणि संस्थांत काढली आणि त्यातली बरीचशी हाच शब्द नीट समजून घेण्यात गेली. म्हणून आज, तुम्ही पदवी घेत असताना, त्याच्याबद्दलच बोलतो. बरीचशी उदाहरणं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलीच घेतो. माझ्या तोंडी अजून ‘नगर’च येतं, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात मात्र लांबून करतो. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात गुरं पाळणाऱ्या कुटुंबात जे फॉरेस्टर नावाचा मुलगा वाढला. घरी वीज नव्हती. शाळेत असतानाच त्यानं जुन्या मोटारींच्या सुट्या भागांतून पवनचक्की जुळवली आणि घरात पहिला दिवा लावला. पुढे तो एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेत मोठा इंजिनिअर झाला आणि १९५६ साली तिथल्या व्यवस्थापन शाखेत गेला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लोकांनी त्याच्यापुढे एक कोडं ठेवलं. केंटकीतल्या त्यांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसवावे लागायचे. सगळे म्हणत, बाजारात तेजी-मंदी असते, काय करणार? फॉरेस्टरनं विचारलं की माणसं घ्यायचं आणि माल साठवायचं तुम्ही कशावरून ठरवता? मग कागद-पेन्सिल घेऊन आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब मांडला. निघालं असं, की बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर धरली तरी त्यांच्याच नियमांमुळे कारखाना असाच हेलकावे खात राहिला असता. बाजाराच्या नावानं ज्या लाटेला ते शिव्या देत होते, ती घरातच तयार होत होती.

यासाठी केंटकीला जायची गरज नाही. नेवासे तालुक्यात घोडेगावच्या कांदा बाजारात जाऊन उभे राहा. यंदा भाव चढला की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो. रोप टाकल्यापासून गावरान कांदा काढेपर्यंत पाच-साडेपाच महिने जातात. तोवर शेजाऱ्यानंही तोच विचार केलेला असतो आणि सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो. भाव कोसळतो. मग पुढच्या वर्षी लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. निर्यातीचे सरकारी निर्णय यात तेल ओततात, ते मी विसरलेलो नाही. पण निर्णय आज आणि फळ सहा महिन्यांनी, ही मधली फट कुणाच्या डोळ्यांसमोर नसते. प्रत्येक शेतकरी आपापल्या जागी शहाणाच वागतो आणि सगळे मिळून खड्ड्यात जातात.

मीही एका कारखान्यात असा खड्डा खणला आहे. मी उत्पादन विभागाचा प्रमुख होतो. नुकताच बढती मिळालेला, त्यामुळे जरा जास्तच उत्साही. प्रत्येक विभागाला महिन्याचं टार्गेट दिलं आणि त्यावर बक्षीस ठेवलं. टर्निंगवाल्यांनी लेथ तापेपर्यंत माल काढला. पुढचा विभाग तेवढा उचलू शकत नव्हता, म्हणून क्रेटवर क्रेट चढले. एक दिवस गिऱ्हाइकानं ड्रॉइंग बदललं आणि तो सगळा ढीग भंगारात गेला. मी स्टोअरकीपरला फैलावर घेतलं. तेव्हा एक जुना फिटर शांतपणे म्हणाला, ‘साहेब, भोक पाडायला तुम्हीच सांगितलं आन् पाणी गळतंय म्हणून वरडताय पण तुम्हीच.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे आकडे चुकलेच नव्हते. प्रत्येक विभागानं आपलं टार्गेट गाठलं होतं! चुकली होती ती विभागांना जोडणारी गाठ, आणि ती मीच मारली होती.

आता ही गाठ नीट मारणारी माणसं पाहायला आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडला चला. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तिथं आलं. वेल्लोरला वैद्यकीचं आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण झालेलं. त्या सुमारास त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती, असं त्यांच्या प्रकल्पाची आकडेवारी सांगते. चांगलं रुग्णालय काढलं असतं तरी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. पण जुलाबानं सुकलेलं मूल बरं करून घरी पाठवायचं, ते तेच पाणी पिणार आणि पुन्हा तसंच परत येणार. रुग्णालयाचे आकडे वाढतील, मुलं मात्र जातच राहतील. शिवाय गावाला विचारलं तर लोक औषध मागत नव्हते. पाणी आणि अन्न मागत होते.

त्यात १९७२चा दुष्काळ आला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, सुकडी आणि खडी फोडायची कामं त्यांना अजून आठवत असतील. कूपनलिका घ्यायची वेळ आली, तेव्हा आरोळ्यांनी ठरवलं की त्या दलितवस्तीत घ्यायच्या. ज्या माणसांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, त्यांच्या दारी आता अख्ख्या गावाला घागर घेऊन यावं लागलं. व्याख्यान नाही, मोर्चा नाही, फक्त पाइप कुठे उतरवायचा हा निर्णय. पाणी, रोग आणि जात हे तीन वेगवेगळे विषय आहेत असं आपण अभ्यासक्रमात शिकवतो. जामखेडच्या त्या हापशापाशी ते एकच होते.

तरी मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्यांनी आधी गावोगावी प्रशिक्षित नर्स ठेवून पाहिल्या. जमलं नाही. मुलगी परगावची, एकटी. तिची राहणी निराळी, गावाला ती परकी आणि तिला गाव परकं. दुसरा कुणी असता तर ‘स्टाफ चांगला मिळत नाही’ म्हणून मोकळा झाला असता. हे वाक्य मी इतक्या संचालकांच्या तोंडून ऐकलं आहे, की त्याची एखादी तसबीरच करून लावावी. आरोळ्यांनी नर्सांना दोष दिला नाही, मांडणी बदलली. गावातल्याच बाया निवडल्या. पुष्कळशा कधी शाळेत न गेलेल्या, कितीतरी दलित. आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि गावी जाऊन तेच इतर बायांना शिकवायच्या. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, मुलाचं वजन कसं बघायचं, कोणती गरोदर बाई वेळेत दवाखान्यात न्यायची, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा.

यात डॉक्टरांनी काय सोडलं ते पाहा. ज्ञान डॉक्टरच्या डोक्यातच राहिलं, तर रोगी उशिराच येतो. म्हणजे त्या दुष्टचक्रातला एक दुवा खुद्द डॉक्टरचा मान होता. तो त्यांनी आपल्या हातानं सैल केला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशोदेशींच्या अशा कामांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ साली अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अशाच प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पदव्या घेताना हे ध्यानात असू द्या, की जामखेडची इमारत अंगठा उठवणाऱ्या बायांच्या खांद्यावर उभी राहिली.

दुष्काळाच्या त्याच १९७२ साली फॉरेस्टरच्या पठडीत शिकलेल्या डोनेला मेडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. पुढे मेडोजबाईंनी एक क्रम लावला. एखादी व्यवस्था बदलायची तर हात कुठे घालावा? आकडे, दर, अनुदानं यांत फेरफार करणं त्यांनी सगळ्यात खाली ठेवलं. त्याहून वर नियम, त्याहून वर उद्दिष्ट आणि जवळजवळ शिखरावर माणसांची मुळातली समजूत. आपल्या संस्थांच्या बैठकांत मात्र चार तासांतले साडेतीन तास आकड्यांवरच जातात. मी आयुष्यभर हेच केलं, म्हणून खात्रीनं सांगतो.

समजूत बदलणं कसं दिसतं, ते पाहायचं तर आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार. १९८९ साली तिथं पोपटराव पवार सरपंच झाले, एम.कॉम. शिकलेले. गाव पर्जन्यछायेतलं. अशा गावांत एकानं बोअर घेतला की शेजारी त्याहून खोल घेतो, मग पहिला आणखी पाइप उतरवतो. दोघंही कर्जात आणि पाणी दोघांनाही नाही. कुणी वाईट नसतं. ‘माझ्या रानाखालचं पाणी माझं’ एवढी समजूतच पुरते. हिवरे बाजारनं माथा ते पायथा पाणलोटाची कामं केली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. पण अशी कामं इतर गावांतही झाली आणि पाणी उसाला देऊन संपलं. इथं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी झाली आणि ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं गावानं बाजूला ठेवली. पावसाळा सरला की पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात. आधी माणसं आणि जनावरं, मग उरलं त्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. पाणी रानाखालचं असलं तरी हिशेब गावाचा. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ते योग्यच झालं. पण एवढा मोठा सरपंच नसेल तेव्हा काय, ही शंका मला प्रत्येक नावाजलेल्या गावात येते. तिचं उत्तर पुरस्कारात सापडत नाही. तो ताळेबंद मांडायला पुढे कोण-कोण येतं आणि हिशेबात चूक काढायची हिंमत कोण करतं, यात ते सापडतं.

तेव्हा तुम्हाला एक काम सांगतो. नोकरीवर रुजू व्हायच्या आधी एकदा हिवरे बाजारला जाऊन या. नगरपासून ते फार लांब नाही. उन्हाळ्यात नको, पाऊस संपल्यावर पाण्याच्या हिशेबाची सभा कधी आहे ते विचारून जा. पाहुणे म्हणून पुढे खुर्चीवर बसवतील, तिथं बसू नका. मागे सतरंजीवर बसा, शेजारच्या माणसाला विचारा, ‘यंदा तुम्हाला काय पेरता येणार नाही?’ आणि तो बोलायला लागला की मध्ये काही बोलू नका.