भांड्यावर नाव, होडीवर खूण



पितळेच्या भांड्यावर नाव घालायची आपली जुनी रीत तुम्हांला ठाऊकच आहे. घरात लग्नकार्य निघालं की शेजारपाजारची घागरी-पातेली गोळा व्हायची. पंगती उठल्यावर ज्याचं भांडं त्याच्या घरी बिनचूक पोचायचं, कारण काठावर नाव कोरलेलं असे. आज मी बोलणार आहे ते एका होडीबद्दल, पण सगळ्या बोलण्याचं सार त्या काठावरच्या नावातच आहे.

होडी म्हणजे कायाक. हा शब्द उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांचा. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ही एकट्याने वल्हवायची शिकारी होडी बनवीत. आता ती प्लॅस्टिकची होते. मासेमारीसाठी वापरतात ती साधारण दहा-बारा फूट लांब नि पंचवीस-तीस किलोंच्या वर वजनाची असते. कोकणातल्या खाड्यांत ती आता दिसू लागली आहे. गाडीच्या टपावर टाकावी आणि हव्या त्या पाण्यावर न्यावी, हा तिचा मोठा गुण. पण जी वस्तू दोन माणसं सहज उचलून नेतात, ती चोरही उचलून नेतात!

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझा एक जुना विद्यार्थी खाडीकाठी राहतो. त्याने कर्ज काढून एक पिवळी कायाक घेतली होती. तांबोशी, काळुंदर धरून तो घर चालवी. दिवाळीच्या सुटीत मी हौसेने ती दोन दिवसांसाठी मागून नेली. वाटेत रात्र झाली म्हणून हमरस्त्यावरच्या एका गावी मुक्काम केला. कायाक टपावर दोन पट्ट्यांनी आवळलेली होती. 'एवढं लांब धूड कोण नेतंय?' असं म्हणून मी निवांत झोपलो. सकाळी पाहतो तो टपावर कापलेल्या पट्ट्यांची टोकं लोंबत होती.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "सर, रंग?" म्हटलं, पिवळा. "नंबर? खूण? फोटो?" मी गप्प. वर्गात तासभर बोलणारा माणूस मी, पण त्या तीन प्रश्नांपुढे माझी वाचा बसली. शेवटी शरमेने विद्यार्थ्याला फोन लावला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, बैठकीच्या खाली, तळाला चीर गेली होती. निळ्या पिंपाचा तुकडा वितळवून मी ती बुजवलीय. तीन बोटं रुंद." हवालदारांनी तेवढं फिर्यादीत लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका खाडीत तशीच कायाक आढळली. जवळचा माणूस म्हणाला, मी ती पैसे मोजून घेतलीय. खरंही असेल. होडी उलटी केली, आणि बैठकीखाली निळा ठिपका निघाला. वाद तिथेच मिटला.

यातून मी जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवतो. कुलूप चोराचा वेळ खातं, पण वस्तू परत आणते ती खूण. दोन्ही हवीत.

आधी कुलपाचं पाहू. पट्टा होडी टपावर घट्ट धरून ठेवतो, पण चोराला तो अडवीत नाही, सुरीच्या एका फटक्याचं ते काम. म्हणून पट्ट्याच्या जोडीला पोलादी तार हवी. वर बसून वल्हवायच्या कायाकला पाणी निचरण्यासाठी आरपार भोकं असतात. तार त्या भोकांतून ओवून टपाच्या पक्क्या दांडीला कुलूपबंद करा. कडेच्या मुठीत ओवू नका, ती बहुधा स्क्रूने बसवलेली असते आणि पेचकसाने निघते. टपाची दांडीसुद्धा गाडीला पक्की आहे ना, ते पाहा. नाहीतर दांडीसकट होडी जायची! खाऱ्या हवेत कुलूप गंजतं, तेव्हा अधूनमधून तेलाचा थेंब सोडा.

मुक्कामाला गाडी उजेडात, भिंतीला लागून लावा. शक्य तर मालकाला विचारून होडी आवारात घ्या. वल्हं, बैठक, गळ, मासे शोधायचं यंत्र ही सुटी चीजवस्तू खोलीत न्या. आणि चहाच्या टपरीवर 'आज इथंच मुक्काम' असं मोठ्याने सांगत बसू नका.

आता खूण. मोठ्या मच्छीमारी नौकेवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. अमेरिकेत 1972 पासून कारखानदाराला प्रत्येक नव्या होडीच्या अंगावर ओळखक्रमांक उठवावा लागतो. आपल्या कायाकवर कारखान्याचा असा क्रमांक असेल तर तो पावतीसह टिपून ठेवा. नसेल तर तापल्या खिळ्याने आपलं नाव वरवर उमटवा, भोक मात्र पाडू नका. एक खूण दिसेल अशी आणि एक दडलेली. पुढून, मागून, तळाकडून फोटो काढा आणि त्यांची एक प्रत घरी ठेवा.

आणि परगावी चोरी झालीच, तर 'ही आमची हद्द नाही' या उत्तराने परत फिरू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या. जुनी होडी विकत घेतानाही पावती मागा. चोरीची आहे हे जाणून माल घेणं हाही गुन्हाच आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना कंपासपेटीवर नाव घालायला सांगता, तसंच एकदा घरातल्या सायकलीचा, पंपाचा, होडीचा क्रमांक वहीत उतरवून आणायला सांगा. एका तासाचं काम आहे.

आमची कायाक ठाण्यातून सुटायला आणखी काही दिवस गेले. कोर्टाच्या हुकमाने सुपूर्दनामा लिहून ती घरी आली. मी तिला तार नि कुलूप घेऊन दिलं, बुडालेले पैसेही पुढे केले. विद्यार्थ्याने कुलूप घेतलं, पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, "सर, होडी मिळाली. पण ऐन मोसमातले माझे दिवस कुठल्या ठाण्यात शोधायचे?"

त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून हे बोललो.