सत्तावन्न किलोचा माणूस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेच्या व्यायामशाळेत मुष्टियुद्धाचा वर्ग सुरू करावा, असा प्रस्ताव आज आपल्यासमोर आहे. मी बरीच वर्षं मुलांना हा खेळ शिकवला, म्हणून संयोजकांनी मला बोलायला सांगितलं. कौतुक करायला बाकीचे वक्ते आहेतच. मी एका मुष्टियोद्ध्याची हकिकत सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

त्याचं नाव बॅरी मॅक्गिगन. जन्म 1961 चा, गाव क्लोन्स. हे गाव आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आहे, पण उत्तर आयर्लंडच्या सीमेला अगदी लागून. त्या काळात सीमेपलीकडे कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांमध्ये बॉम्ब आणि गोळ्यांचा हिंसाचार चालू होता. घरचे कॅथलिक. वडील पॅट गायक. 1968 च्या युरोव्हिजन स्पर्धेत ते आयर्लंडतर्फे गायले होते.

1978 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं बँटमवेट गटात सुवर्णपदक जिंकलं, ते उत्तर आयर्लंडकडून. दोन वर्षांनी मॉस्को ऑलिंपिकमध्ये तो आयर्लंडकडून फेदरवेट गटात उतरला आणि झांबियाच्या खेळाडूकडून हरला. फेदरवेट म्हणजे साधारण सत्तावन्न किलो. आपल्या शाळेतली दहावीची कितीतरी मुलं त्याच वजनाची असतील.

1981 मध्ये तो व्यावसायिक झाला. बेलफास्टचे बार्नी ईस्टवूड त्याचे व्यवस्थापक. तिसरीच लढत तो हरला. त्याच प्रतिस्पर्ध्याला त्यानं वर्ष संपायच्या आत हरवलं. इथपर्यंत सगळ्या खेळाडूंसारखीच गोष्ट आहे.

मग जून 1982 उजाडला. लंडनच्या एका हॉटेलात, जेवणाच्या टेबलांभोवती बसलेल्या प्रेक्षकांसमोर, त्याची लढत यंग अली नावाच्या नायजेरियन तरुणाशी झाली. सहाव्या फेरीत अली कोसळला. तो बेशुद्धीतून बाहेर आलाच नाही आणि काही महिन्यांनी वारला. मॅक्गिगननं नियम मोडला नव्हता. तरीही खेळ सोडावा का, हा प्रश्न त्याला छळत राहिला. शेवटी तो रिंगमध्ये परतला.

1983 मध्ये तो ब्रिटिश आणि नंतर युरोपीय विजेता झाला. ब्रिटिश किताबासाठी त्यानं ब्रिटिश नागरिकत्व घेतलं होतं, त्यावरून काही जणांनी त्याला फितूर म्हटलं. त्याची पत्नी प्रोटेस्टंट. त्यानं एक गोष्ट पक्की धरली होती: ना आयर्लंडचा तिरंगा, ना ब्रिटनचा झेंडा. रिंगमध्ये जाताना शांतीचं कबुतर असलेला निळा झेंडा त्याच्यासोबत असे. बेलफास्टच्या किंग्ज हॉलमध्ये त्याच्या लढतीला दोन्ही बाजूंची माणसं शेजारी शेजारी बसत. लढाईचं काम मॅक्गिगनवर सोपवा, अशी घोषणाच तिथं रूढ झाली.

8 जून 1985. लंडनचं लॉफ्टस रोड फुटबॉल मैदान, पंचवीस हजारांवर प्रेक्षक. समोर पनामाचा युसेबियो पेद्रोसा, सात वर्षांचा जगज्जेता, एकोणीस वेळा किताब राखलेला. राष्ट्रगीताऐवजी वडिलांनी ‘डॅनी बॉय’ गायलं. सातव्या फेरीत मॅक्गिगननं पेद्रोसाला खाली पाडलं आणि पंधरा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी त्याला विजयी ठरवलं. विजयानंतर बोलताना तो रडत होता. हा किताब त्यानं यंग अलीला अर्पण केला. अलीला हरवणारा कोणी साधा खेळाडू नव्हता, जगज्जेता होता, असं लोकांना म्हणता यावं, अशी त्याची इच्छा होती.

पुढच्याच वर्षी, जून 1986 मध्ये, लास व्हेगासच्या उघड्यावरच्या रिंगमध्ये स्टीव्ह क्रूझशी लढत झाली. वाळवंटातलं ऊन, तापमान चाळीस अंशांच्या वर. शेवटच्या पंधराव्या फेरीत तो दोनदा पडला, थोडक्या गुणांनी किताब गेला आणि शरीरातलं पाणी कमी झाल्यानं त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. 1987 मध्ये वडील गेले. 1989 मध्ये तो निवृत्त झाला. एकूण पस्तीस लढती, बत्तीस विजय. पुढे त्यानं व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांची संघटना उभी केली.

मित्रहो, ज्या मुठींनी दोन समाजांना एका सभागृहात बसवलं, त्याच मुठींच्या ठोशांनी एका तरुणाचा जीव गेला. दोन्ही खरं आहे. वर्गाचं पत्रक छापताना आपण पहिलंच लिहू. पण पालकांना दुसरंही सांगायला हवं.

म्हणून माझं मत असं. वर्ग सुरू करावा, पण चार अटींवर. सरावाची लढत डॉक्टर हजर असल्याशिवाय नाही. डोक्याला मार बसला, की त्या मुलाला डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत रिंगबंदी. वजन उतरवण्यासाठी मुलांचं पाणी तोडायचं नाही. आणि लढत थांबवणाऱ्या पंचाशी कोणत्याही पालकानं, कोणत्याही देणगीदारानं वाद घालायचा नाही. हौशी मुष्टियुद्धात फेऱ्या तीनच असतात, डोक्याला जाड टोपही घालता येतो. पण वेळेवर ‘थांबा’ म्हणणारा माणूसच मुलाला वाचवतो.

निधी उभा करताना हातमोज्यांच्या आधी या माणसांची सोय करा. माझ्याकडून पहिल्या वर्षाचं डॉक्टरांचं मानधन मी आजच जाहीर करतो.