चौथा पेला
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रयोगशाळेतल्या त्या तीन परीक्षानळ्या आठवतात? एकीत साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा राहावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड. तिन्हींत लोखंडी खिळे. गंज फक्त पहिलीत. बाई बजावायच्या, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची." मी उत्तर पाठ केलं आणि हे वाक्य विसरले.

मागच्या वर्षी ते महागात पडलं. चष्मा धुवायचं श्राव्यातीत ध्वनीचं छोटं यंत्र घरी आणलं होतं. त्यात आईच्या लग्नातली अत्तरदाणी ठेवली. पितळेची, वर चांदीचा मुलामा. लवकर उजळावी म्हणून पाण्यात मीठ टाकलं आणि यंत्र पुन्हा पुन्हा चालवलं. कडेचा मुलामा सुटला, पितळ उघडं पडलं. आई काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

दोष मिठाचा की ध्वनीचा? सांगता येईना, कारण मी दोन्ही एकदम वापरलं होतं.

अशी यंत्रं सेकंदाला साधारण 40 हजार कंपनं करतात. आपले कान 20 हजारांपर्यंतच ऐकतात. कंपनांमुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि क्षणात मिटतात. मिटताना दाब प्रचंड वाढतो. जहाजांचे पंखे यानेच झिजत, म्हणून लॉर्ड रॅली यांनी 1917 साली त्याचं गणित मांडलं. धातूजवळ मिटणारा बुडबुडा त्यावर पाण्याची बारीक चिळकांडी मारतो. त्याने धातूवरचं ऑक्साइडचं संरक्षक कवच फाटतं. मिठातले क्लोराइड आयन ते पुन्हा नीट धरू देत नाहीत. शिवाय खारट पाण्यात चांदी आणि पितळ शेजारी आले की विद्युतघट तयार होतो, आणि त्यात झिजतं ते पितळ.

मग मी चार पेल्यांत खिळे ठेवले. दोन साध्या पाण्याचे. दोन समुद्रासारखे, लिटरला 35 ग्रॅम मिठाचे. प्रत्येकातला एक यंत्रात, एक बाहेर. मीठ आणि ध्वनी दोन्ही असलेल्या चौथ्या पेल्यातलं पाणी सर्वांत आधी तांबूस झालं. शास्त्रज्ञांनाही अनेकदा हेच दिसतं: दोन्ही मिळून होणारी झीज वेगवेगळ्या झिजांच्या बेरजेपेक्षा जास्त असते. कधी उलटही होतं. काही स्टेनलेस स्टीलवर ध्वनी खड्ड्यांतलं क्लोराइड धुऊन काढतो आणि खड्डे कमी पडतात. म्हणून अंदाज करायचा नाही, चौथा पेला मांडायचा.

संगणकाच्या कामातही तेच. दोन निरुपद्रवी बदल एकत्र येतात आणि अख्खी प्रणाली बसते.

तेव्हा बाई, तुमच्या वाक्याला माझी एक जोड: एका वेळी एकच बदला, आणि शेवटी दोन्ही मिळून काय होतं तेही बघा. बाकीच्यांना एवढंच सांगते, त्या यंत्रात मीठ आणि मुलाम्याच्या वस्तू घालू नका.

आज स्वागताला अत्तर लावलं ना, ते त्याच अत्तरदाणीतलं. जाताना तिची कड बघा. आईनेच दिली आहे, "घेऊन जा" म्हणून.